शिकणाऱ्या दंतवैद्याच्या शेजारी कोण?

भारतात दंतवैद्यकाच्या शिक्षणाला दोनच मोठ्या पायऱ्या आहेत. चार वर्षांचा अभ्यास आणि वर्षभराची इंटर्नशिप मिळून बीडीएस; त्यापुढे तीन वर्षांचे पूर्णवेळ एमडीएस. पहिल्या पायरीवर देशभरात दरवर्षी २६ हजारांच्या आसपास जागा असतात, दुसरीवर सहा-सात हजार. म्हणजे चारांतल्या तिघांचे रीतसर शिक्षण बीडीएसपाशीच थांबते. शिकण्याची गरज मात्र थांबत नाही. रोटरी फाइल्स, सीबीसीटी, इम्प्लांट, अलाइनर यांतले बरेचसे आज पन्नाशीत असलेल्या दंतवैद्याने कॉलेजात हाताळलेलेही नसते. पेशंट मात्र त्याबद्दल विचारतच दारात येतो. मग शनिवार-रविवारचा कोर्स केला जातो. हॉटेलच्या हॉलमध्ये व्याख्याने, प्लास्टिकच्या जबड्यावर थोडा सराव, संध्याकाळी प्रमाणपत्र, आणि सोमवारी क्लिनिकमध्ये पहिली केस. बीडीएस आणि एमडीएस यांच्यामधली जागा आज अशा कोर्सेसनी व्यापली आहे. तिथे व्यवसाय सांभाळून करता येईल असे मान्यताप्राप्त पदव्युत्तर शिक्षण असावे का, आणि असावे तर कोणत्या अटींवर, हा या लेखाचा प्रश्न आहे. असे शिक्षण असावे, असे माझे ठाम मत आहे. त्याची कसोटी एकच: शिकणारा आपल्या पेशंटच्या तोंडात जे करतो, ते दुसऱ्या जाणत्या माणसाच्या नजरेखालून जाते की नाही. अभ्यासक्रम पूर्णवेळ की अर्धवेळ, पदवीचे नाव काय, हजेरी किती, हे प्रश्न त्यानंतरचे.

पूर्णवेळेचा आग्रह कुठून आला, हे आधी समजून घ्यायला हवे, कारण तो अकारण नव्हता. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कोलकात्यात देशातले पहिले दंत महाविद्यालय काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मध्ये उभे राहिले. पण कोणाकडे तरी मदतनीस म्हणून राहून हात बसवायचा आणि मग स्वतःची पाटी लावायची, ही रीत त्यानंतरही बराच काळ चालू होती. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने नोंदणी आणि शिक्षण एका चौकटीत आणले, ते या अनियंत्रित उमेदवारीला आळा घालण्यासाठी. रुग्णालयात राहून, वरिष्ठांच्या हाताखाली, रोज पेशंट पाहत शिकणे हीच खरी शिकवण, हा विचार त्यामागे होता. २०१७ च्या एमडीएस नियमावलीतही तो कायम आहे: विद्यार्थ्याने पूर्णवेळ काम करायचे आणि किमान ८० टक्के हजेरी भरायची. जबड्याच्या शस्त्रक्रियेसारख्या शाखेत याला पर्याय नाही. अपघातात मोडलेला जबडा रात्री दोनला येतो. तो विभाग आठवड्यातून एक दिवस येऊन शिकता येणार नाही.

पण या आग्रहाची किंमत कोण मोजतो, तेही पाहिले पाहिजे. पदवीनंतर पाच-सात वर्षांनी ज्याच्या डोक्यावर क्लिनिकचे कर्ज आहे, तो तीन वर्षे शटर ओढून दुसऱ्या शहरात राहू शकत नाही. बीडीएसच्या वर्गांत आता मुलींची संख्या मुलांहून जास्त असते. पदवी, लग्न, बाळंतपण आणि एमडीएसचे वय एकमेकांवर येते आणि त्यात बहुधा एमडीएस मागे पडते. अहेरीतल्या दंतवैद्याला पदव्युत्तर शिक्षणासाठी नागपूर गाठावे लागते, आणि तो गेला की गावातली खुर्ची रिकामी. खासगी महाविद्यालयातल्या मागणी असलेल्या शाखांची फी हा तर वेगळाच डोंगर आहे. एका बाजूला असे हजारो इच्छुक, आणि दुसऱ्या बाजूला दरवर्षी एमडीएसच्या जागा रिकाम्या राहतात, विशेषतः मुखविकृतीशास्त्र आणि सार्वजनिक दंतआरोग्य या शाखांत. त्या भरण्यासाठी नीट-एमडीएस या प्रवेश परीक्षेचा कटऑफ परीक्षेनंतर खाली आणण्याची वेळही आली आहे. शिकायची इच्छा आणि शिकवायची सोय यांची इथे गाठच पडत नाही.

हा केवळ दंतवैद्यांच्या करिअरचा प्रश्न असता, तर त्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १२ वर्षांच्या मुलांपैकी ५३.८ टक्के आणि ३५ ते ४४ या वयोगटातल्या ८०.२ टक्के लोकांना दातांची कीड आढळली होती. एवढ्या लोकांवर उपचार कोण करतो? गल्लीतला, तालुक्याच्या गावातला बीडीएस. महाराष्ट्रातल्या शहरांत यावर एक चांगली तोड निघाली आहे: व्हिजिटिंग कन्सल्टंट. रूट कॅनालची अवघड केस असो वा आडवी अक्कलदाढ, एमडीएस झालेला तज्ज्ञ ठरलेल्या दिवशी आपली हत्यारे घेऊन क्लिनिकमध्ये येतो. पुण्यात किंवा ठाण्यात ही व्यवस्था उत्तम चालते. पण तज्ज्ञाला यायला तीन तास लागतात आणि त्या दिवशी दोनच केसेस असतात, तिथे ती मोडते. तिथे दाढ वाचणार की निघणार, हे त्या एकट्या बीडीएसच्या हातावर ठरते.

तो हात कसा आहे, याबद्दल जगभरातून जे पुरावे येतात ते काळजी वाढवणारे आहेत. वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्या एकत्र करून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, रूट कॅनाल झालेल्या दातांपैकी सुमारे ३६ टक्के दातांच्या मुळाशी एक्स-रेमध्ये काळी सावली, म्हणजे हाडातल्या सुजेची खूण, आढळली. या आकड्याला मर्यादा आहे: एकाच वेळी काढलेल्या एक्स-रेवरून ती सूज वाढते आहे की भरून येते आहे, हे सांगता येत नाही. तरीही तीनपैकी एक हे प्रमाण दुर्लक्ष करण्यासारखे नाही. त्याच्या शेजारी एवढीच गोष्ट ठेवू की रबर डॅमसारखे, म्हणजे उपचाराचा दात लाळेपासून वेगळा ठेवणाऱ्या रबरी पडद्यासारखे, साधे, स्वस्त आणि प्रत्येक पाठ्यपुस्तकात सांगितलेले साधन सर्वसाधारण क्लिनिकमध्ये फारसे वापरले जात नाही, असे अनेक देशांत दिसून आले आहे. या दंतवैद्यांना रबर डॅम ठाऊक नसतो असे नाही. ठाऊक असणे आणि रोजच्या गर्दीत, घाईच्या वेळी तो लावणे यांत जे अंतर आहे, ते व्याख्यानाने भरत नाही.

इथे शिकण्याच्या शास्त्राकडे वळायला हवे, कारण अर्धवेळ शिक्षणाच्या बाजूचा आणि विरोधातला सगळ्यात भक्कम पुरावा तिथेच आहे. आधी बाजूचा. २००६ मध्ये टोरोंटोच्या शल्यचिकित्सकांनी ३८ कनिष्ठ निवासी डॉक्टरांवर एक प्रयोग केला. सूक्ष्म रक्तवाहिन्या जोडण्याचे चार धडे एका गटाला एकाच दिवशी दिले, दुसऱ्या गटाला दर आठवड्याला एक असे चार आठवडे. शिकवलेले तेच, एकूण तासही तेवढेच. महिन्याभराने परीक्षा घेतली तेव्हा दर आठवड्याला शिकलेल्यांचा हात अधिक सफाईने चालला. बारीक हातकामाच्या शिक्षणात मधला काळ वाया जात नाही. त्यात शिकलेले मुरते. दंतवैद्याचे काम मिलिमीटरच्या भागांत मोजायचे, म्हणून हा प्रयोग त्याला जवळचा. सलग दोन दिवसांत सगळे उरकणारा वीकेंड कोर्स नेमके याच्या उलट करतो. तेच तास महिन्यातून एक दिवस असे वर्षभर पसरले, तर खर्च फार वाढणार नाही आणि शिकणे मात्र पक्के होईल.

आता विरोधातला, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. डॉक्टरांना आपल्या कौशल्याचा स्वतः अंदाज किती येतो, हे तपासणाऱ्या अभ्यासांचा आढावाही २००६ मध्येच निघाला. डॉक्टरने स्वतःला दिलेले गुण आणि बाहेरच्याने दिलेले गुण यांच्या २० तुलनांपैकी १३ मध्ये दोहोंचा मेळ बसला नाही, किंवा संबंध उलटा निघाला. त्याहून गंभीर बाब म्हणजे ज्यांचे कौशल्य सर्वांत कमी त्यांचा, आणि ज्यांचा आत्मविश्वास सर्वांत जास्त त्यांचाच अंदाज सर्वांत चुकीचा होता. एकट्याने क्लिनिक चालवणाऱ्या दंतवैद्याच्या बाबतीत हे फार खोल जाते. रुग्णालयातल्या सर्जनचे काम भूलतज्ज्ञ पाहतो, नर्स पाहते, पुढचा डॉक्टर पाहतो. दंतवैद्याचे काम तोंडाच्या आत, दिव्याच्या झोतात, त्याच्या एकट्याच्या डोळ्यांपुढे होते. पेशंटला दुखायचे थांबले एवढेच कळते. मुळाच्या टोकाशी दोन मिलिमीटर जागा भरायची राहिली, याचा परिणाम तीन वर्षांनी दिसतो आणि तेव्हा पेशंट बहुधा दुसऱ्याच क्लिनिकमध्ये गेलेला असतो. चूक करणाऱ्याला चूक दिसण्याची सोयच या व्यवसायात कमी आहे. व्याख्याने आणि कार्यशाळांच्या परिणामावरचा २००९ चा कॉक्रेन आढावा सांगतो की अशा सत्रांनी डॉक्टरांच्या प्रत्यक्ष वागण्यात सरासरी ६ टक्क्यांच्या आसपास सुधारणा होते. कामाची तपासणी करून त्याचा अहवाल त्याच डॉक्टरपुढे ठेवण्यानेही मधल्या मापाने ४ टक्क्यांहून थोडाच जास्त फरक पडतो. पण ज्यांचे काम मुळात कच्चे, त्यांच्यात तो अधिक असतो. हे आकडे लहान आहेत, आणि अर्धवेळ शिक्षणाचा पुरस्कार करणाऱ्यांनी ते लपवू नयेत. त्यांतून मी एवढेच घेतो की नुसते ऐकून माणूस फारसा बदलत नाही. जो बदल होतो त्याची आशा सर्वांत जास्त तिथे आहे, जिथे शिकणाऱ्याचे स्वतःचे काम त्याच्यापुढे मांडले जाते.

या दृष्टीने पाहिले तर अर्धवेळ विद्यार्थ्यापाशी पूर्णवेळ विद्यार्थ्यापाशी नसलेली एक गोष्ट असते: स्वतःचे पेशंट. मंगळवारी शिकलेले तो बुधवारी करतो, आणि सहा महिन्यांनी तोच पेशंट त्याच्याच खुर्चीत परत येतो. महाविद्यालयातला विद्यार्थी दाताचे मूळ भरतो आणि तीन वर्षांनी निघून जातो. त्या दाताचे पुढे काय झाले हे त्याला क्वचितच कळते. पण हीच जमेची बाजू देखरेख नसेल तर धोका होते, कारण मग तोच चुकीचा हात तो रोज पक्का करत जातो.

ब्रिटनचा अनुभव इथे उपयोगी पडतो. तिथे अर्धवेळ पदव्युत्तर शिक्षण चांगलेच रुळले आहे. लंडनमधील ईस्टमन दंत संस्था आणि किंग्ज कॉलेज यांच्यासारख्या संस्थांतून काम करणाऱ्या दंतवैद्यांसाठी डिप्लोमा आणि मास्टर्स चालतात. काही भाग घरून, काही भाग ठरावीक आठवड्यांत प्रत्यक्ष येऊन. नोंदणी टिकवायची तर प्रत्येक दंतवैद्याला पाच वर्षांत किमान १०० तास शिकावे लागते, आणि २०१८ पासून त्यासाठी स्वतःची लेखी योजना आखावी लागते: मला काय येत नाही, ते कुठे शिकणार, त्याने माझ्या कामात काय बदलले. सामान्य दंतवैद्यांची संस्था २०२१ मध्ये शल्यचिकित्सकांच्या रॉयल कॉलेजातून बाहेर पडून कॉलेज ऑफ जनरल डेंटिस्ट्री म्हणून स्वतंत्र उभी राहिली. जनरल प्रॅक्टिस ही स्वतःची विद्या आहे, तज्ज्ञ न झालेल्यांचा उरलेला कप्पा नव्हे, ही त्यामागची धारणा मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे 'फक्त बीडीएस' हा शब्दप्रयोग अजून सर्रास ऐकू येतो.

ब्रिटनकडून घेण्यासारखी खरी गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे मास्टर्सची पदवी आणि तज्ज्ञ ही उपाधी या दोन गोष्टी कायद्यानेच अलग ठेवल्या आहेत. जनरल डेंटल कौन्सिलच्या १३ तज्ज्ञ याद्या आहेत. त्यांत ज्याचे नाव नाही, त्याने स्वतःला स्पेशालिस्ट म्हणवता कामा नये, मग त्याच्या नावापुढे कितीही अक्षरे असोत. तज्ज्ञ होण्याचे प्रशिक्षणही अर्धवेळ करता येते, पण तिथे अर्धवेळ याचा अर्थ तेच प्रशिक्षण अधिक वर्षांत, कमी प्रशिक्षण नव्हे. आठवड्यातले निम्मे दिवस दिले तर वर्षे दुप्पट लागतात. त्या व्यवस्थेतही उणिवा आहेत. फी जबर आहे, आणि सर्व मास्टर्स अभ्यासक्रमांत पेशंटवरचे काम सारखे नसते. काही तर जवळजवळ पूर्णपणे वाचन-लेखनाचे असतात. इम्प्लांटवर प्रबंध लिहिलेला आणि देखरेखीखाली इम्प्लांट बसवलेला, हा फरक नावापुढच्या अक्षरांवरून पेशंटला कळत नाही.

आपल्याकडे काहीच प्रयत्न झाले नाहीत असेही नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने दंत परिषदेच्या सहकार्याने रूट कॅनाल आणि इम्प्लांट या विषयांचे पदव्युत्तर प्रमाणपत्र अभ्यासक्रम आखले. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या फेलोशिप आहेत. रॉयल कॉलेजांच्या सदस्यत्व परीक्षाही इथले तरुण देतात, पण परीक्षा म्हणजे प्रशिक्षण नव्हे. ती आलेले मोजते, येत नाही ते शिकवत नाही. मला सर्वांत आशादायक वाटतो तो दंतवैद्यकाबाहेरचा नमुना. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने २००६ पासून काम करणाऱ्या एमबीबीएस डॉक्टरांसाठी फॅमिली मेडिसिनचा दूरस्थ डिप्लोमा चालवला आहे. त्याची दृष्टी अशी की गावातल्या डॉक्टरने पेशंट पुढे धाडण्याआधी जे स्वतः नीट सोडवता येईल ते सोडवायला शिकावे. तज्ज्ञ घडवण्याचा दावा त्यात नाही. दंतवैद्यकात मला नेमके हेच हवे आहे.

आता आक्षेप. पहिला एमडीएस झालेल्यांचा, आणि तो सहानुभूतीने ऐकायला हवा. तीन तरुण वर्षे, मोठी फी, रात्रंदिवस वॉर्डातले काम. एवढे सोसून मिळवलेल्या जागेवर कोणी दोन वर्षांच्या अर्धवेळ डिप्लोमाने येऊन बसणार असेल तर राग रास्त आहे. पण ही जागा आजच सुरक्षित नाही. बीडीएसला कायद्याने इम्प्लांट बसवायला किंवा रूट कॅनाल करायला मनाई नाही. ती कामे तो वीकेंड कोर्सच्या बळावर करतोच आहे. नीट शिकलेला सामान्य दंतवैद्य सोपी केस चांगली करेल आणि अवघड केस वेळीच ओळखून पाठवेल. तज्ज्ञाचे खरे नुकसान होते ते तीन वेळा बिघडवून, छिद्र पाडून, फाइल तोडून शेवटी पाठवलेल्या दाढेमुळे. केस पाठवण्याचा विवेक हा या शिक्षणाचा परीक्षेत विचारला जाणारा भाग असला पाहिजे.

दुसरा आक्षेप असा की देशात दंतवैद्य आधीच फार झाले, त्यात आणखी अभ्यासक्रम कशाला. अर्धवेळ पदव्युत्तर शिक्षणाने एकही नवा दंतवैद्य तयार होत नाही, असलेला सुधारतो. तिसरा, की मग रिकाम्या एमडीएस जागाच भरा. त्या जागा बहुतांशी ज्या शाखांत रिकाम्या राहतात त्या क्लिनिक चालवणाऱ्याला हव्या असलेल्या नाहीत, आणि शाखा हवी असली तरी तीन वर्षे घर सोडण्याची अट तशीच राहते.

चौथा आक्षेप मला अस्वस्थ करतो आणि त्याचे पुरते उत्तर माझ्यापाशी नाही: हे सगळे विकायला निघेल. तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये, त्यांतली बहुसंख्य खासगी, विद्यार्थ्यांच्या शोधात असलेली. त्यांना अर्धवेळ डिप्लोमाची परवानगी द्या, आणि हजेरीपट, लॉगबुक, केसेस सगळे कागदावर उभे राहील, ही भीती काल्पनिक नाही. म्हणून शिकवणारा आणि परीक्षा घेणारा वेगळा असावा. लॉगबुकमधली प्रत्येक केस आधीच्या आणि नंतरच्या एक्स-रेसह असावी आणि वर्षभरानंतरचा एक्स-रेही त्यात लागावा, कारण तो आदल्या रात्री तयार करता येत नाही. त्यांतल्या काही केसेस बाहेरच्या परीक्षकाने स्वतः निवडून पाहाव्यात. एका मार्गदर्शकाकडे मोजकेच विद्यार्थी असावेत. पेशंटला, आपला डॉक्टर या उपचाराचे प्रशिक्षण घेत आहे आणि त्याचे काम कोणीतरी तपासते, हे लेखी सांगितलेले असावे. माझ्या मते बहुतेक पेशंटना याने धीरच येईल. एवढे करूनही काही संस्था पळवाटा काढतील. तरीही आजच्या स्थितीशी तुलना केली तर, जिथे ना लॉगबुक आहे ना परीक्षक, ती जोखीम मला पत्करण्याजोगी वाटते. २०२३ च्या राष्ट्रीय दंत आयोग कायद्याने शिक्षण, मूल्यांकन आणि नीतिमत्ता-नोंदणी यांची तीन वेगळी मंडळे योजली आहेत. शिकवणाऱ्यापासून तपासणारा वेगळा ठेवण्याची रचना त्यात आहे. तिचा उपयोग इथे करता येईल.

या चर्चेत दंतवैद्याशेजारी दिवसभर उभी असलेली व्यक्ती नेहमी सुटते. ब्रिटनमध्ये २००८ पासून डेंटल नर्सला नोंदणीशिवाय काम करता येत नाही, आणि नोकरी करता करता ती एक्स-रे काढणे, गुंगीच्या उपचारात मदत करणे, दातांच्या काळजीबद्दल पेशंटला समजावणे यांची प्रमाणपत्रे मिळवू शकते. आपल्याकडे हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक यांची नोंदणी १९४८ च्या कायद्यातच आहे, पण क्लिनिकमधली असिस्टंट बहुधा बघून बघून शिकलेली असते. ऑटोक्लेव्ह तीच लावते, हत्यारे तीच पाकिटात भरते. तिचा पगार आणि तिचा मान दोन्ही वाढतील असा रविवारचा, मराठीतला, परीक्षेसह अभ्यासक्रम काढायला कोणत्याही मोठ्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही.

जागेचा प्रश्नही तितका अवघड नाही. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालये, बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय, यांची ओपीडी दिवसाची असते. संध्याकाळी त्या खुर्च्या, तो एक्स-रे, ते मायक्रोस्कोप झाकून ठेवलेले असतात, आणि दिवसा कामावर जाणारा पेशंट नेमका त्या वेळी मोकळा होतो. आठवड्यातून दोन संध्याकाळी, सहा ते नऊ, सहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, एवढ्याने सुरुवात करता येईल. बाकीचे पाच दिवस तेच विद्यार्थी आपल्या क्लिनिकमधले एक्स-रे पाठवतील आणि पुढच्या भेटीत ते सर्वांपुढे वाचले जातील, चुकलेलेही. त्यासाठी संध्याकाळी निर्जंतुकीकरण सांभाळणारा कर्मचारी लागेल, औषधांचा साठा लागेल, आणि दिवसभर शिकवून पुन्हा तीन तास खुर्चीशेजारी उभे राहणाऱ्या शिक्षकाला त्या तीन तासांचे वेगळे, वेळेवर हाती येणारे मानधन लागेल. अभ्यासक्रमाचा आराखडा मंजुरीला पाठवण्याआधी अंदाजपत्रकातली ही ओळ भरलेली असली पाहिजे.